आप्पांच्या रक्तातले आकडे

सुई टोचताना बहुतेक जण तोंड फिरवतात. आप्पा फिरवत नसत. बाही वर सारून ते सुईकडे टक लावून बघत आणि नळीत रक्त उतरलं की समाधानाने मान हलवत. नाशिकच्या ज्या लॅबमध्ये मी रक्त घेते, तिथे वणीकडचे हे द्राक्षबागायतदार दोन वर्षं दर महिन्याला येत होते. प्रोस्टेटचा कॅन्सर कळला तोवर तो हाडांत उतरलेला होता.

शिक्षण चौथीपर्यंतचं, पण रिपोर्टातल्या प्रत्येक आकड्याचा अर्थ माझ्याकडून समजून घेत. म्हणत, "छाटणीआधी आम्ही काडी तपासायला देतो. घड येणार का नाय, ते आधीच कळतं. रक्ताचंबी तसंच की." इंजेक्शनांनी पीएसए, म्हणजे या आजाराचा मुख्य आकडा, झपाट्याने उतरला, त्या दिवशी त्यांनी सगळ्या लॅबला घरचे बेदाणे वाटले.

दुसऱ्या पावसाळ्यात पीएसए खालीच राहिला, पण हाडांची खबर देणारं अल्कलाइन फॉस्फेटेज चढू लागलं. त्यामागून पेशींची मोडतोड दाखवणारं एलडीएच चढलं आणि हिमोग्लोबिन घसरलं. आप्पांनी कागदावर बोट ठेवून विचारलं, हे दोन का वाढतायत? असे रिपोर्ट मी बरेच पाहिले होते; पीएसए न वाढताही आजार पसरत असतो. मी म्हणाले, डॉक्टरांना दाखवा.

त्यांनी कागदाची घडी घातली. "ताई, आजवर सगळं तूच समजावलंस. आज डॉक्टरांकडं धाडतेस. कळलं मला."

डॉक्टरांनाही त्यांनी सरळच विचारलं. औषध बदलून बघू, पण आजार वेगाने वाढतोय, फार दिवस धरू नका, असं उत्तर मिळालं. परत येऊन मला सांगितलं आणि म्हणाले, "आमच्या हिला बोलू नको. ऑक्टोबरची छाटणी होऊ दे, मग मीच सांगतो. आत्ता कळलं तर बाग सोडून माझ्या उशाशी बसंल."

पुढच्या खेपेला त्यांच्या बायको, काकू, सोबत आल्या. आप्पा बाकावर भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. काकूंनी हळूच विचारलं, रिपोर्ट बरा आहे ना? मी म्हणाले, पीएसए कमी आहे, काकू. त्यात खोटं काही नव्हतं. त्यांचा चेहरा असा उजळला की मला तिथे उभं राहवेना.

बाग निम्मी छाटून झाली आणि आप्पा गेले. भर दुपारी, घरात एकटेच. काकू मजुरांबरोबर बागेत होत्या.

दहाव्यानंतर मी भेटायला गेले. त्यांच्या लेकीने आप्पांच्या फाइलमधले कागद काकूंना वाचून दाखवले होते. त्यांनी मला चहा दिला, शेजारी बसल्या आणि विचारलं, तुला ठाऊक होतं? मी हो म्हणाले. त्या रागावल्या नाहीत. बराच वेळ पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिल्या.

"मी त्यांच्यापाशी बसले असते गं," त्या म्हणाल्या. "छाटणी तर दरसाल येते."