राखून ठेवलेली रजा

जर्सी सिटीत राहून मी सेंट जोसेफची सुट्टी पाळते, हे माझ्या नागपूरच्या मावशीच्या पचनी कधी पडलं नाही. तिला वाटायचं, पोरगी बाटली! खरं कारण साधं होतं. आमच्या ऑफिसचं गिऱ्हाईक माल्टाचं. समुद्रातलं एवढंसं बेट, बहुतेक सगळे कॅथलिक, आणि सुट्ट्या म्हणाल तर आपल्या सरकारी ऑफिसांना लाजवतील इतक्या. ते बंद, तर आम्ही बंद. उलट थँक्सगिव्हिंगला सगळ्या मैत्रिणी गाड्या काढून भटकायच्या आणि मी लॅपटॉपसमोर चरफडत बसायचे.

या सुट्ट्यांवर जीव होता तो बाबांचा. सगळी नोकरी जिल्हा परिषदेत आणि सगळं डोकं जोडून रजा घेण्यात! डिसेंबरात मी कॉलिंग कार्डावरून फोन लावला की ते चष्मा लावून कॅलेंडरसमोर तयारच. "हं, सांग तुझे संत." मी तारीख सांगायची, ते वार बघायचे. "गुरुवारी आलाय? मग शुक्रवार टाक. एक दिला की चार मिळतात, बेटा. हे तुमच्या अमेरिकेत कोणी शिकवत नाही."

एका गोष्टीवर मात्र आम्ही बोलायचो नाही. मी दरवर्षी थोडी रजा बाजूला ठेवायचे. इथले आम्ही देशी लोक सगळेच ठेवायचो. पॉटलकच्या जेवणात कोणी विचारलं, "एवढी शिल्लक कशाला?" तर उत्तर यायचं, "असू दे यार, घरी आई-बाबा आहेत." मग कोणीतरी उठून उगाच भात वाढायला लागायचं.

दोन हजार सातच्या डिसेंबरात बाबांनी सरळच विचारलं. "माझ्यासाठी किती ठेवलीस?"

"काय किती?"

"वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस. मी मेल्यावर येण्यासाठी ठेवतेस ना, ती रजा. ती मार्चमध्ये घे. जोसेफ बुधवारी, गुड फ्रायडे त्याच आठवड्यात. मधला गुरुवार टाक, पुढे ती सगळी जोड. नंतर येऊन काय माझ्या फोटोशी गप्पा मारणार?"

मी भयंकर चिडले. असलं अभद्र बोलायचं नाही म्हणून फोन आपटला. दुसऱ्या दिवशी तिकीट काढलं.

मार्चमध्ये नागपूर तापायला लागलं होतं. बाबा वाळले होते. "दातांमुळे खाणं कमी झालंय," म्हणाले, आणि आई ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. धुळवडीला त्यांनी माझ्या कपाळाला गुलाल लावला. रोज व्हरांड्यात बसून आम्ही जगभराच्या चहाड्या केल्या. मी सुखात होते. मूर्खासारखी सुखात.

ऑगस्टमध्ये, पंधरा तारखेच्या आदल्या दिवशी बाबा गेले. दुसऱ्या दिवशी मेरीचा सण म्हणून माल्टा बंद, त्याला जोडून शनिवार-रविवार. "येऊ नकोस," आई फोनवर म्हणाली. "त्यांनी सांगून ठेवलं होतं. म्हणाले, 'तिची रजा मी मार्चमध्ये घेतली, आता तिला परत पळवू नका.'" मग हलकेच म्हणाली, "दिवाळीतच कळलं होतं गं त्यांना."

ते तिन्ही दिवस मी इथे घरातच होते. ना कोणाचा फोन, ना मेल. आतल्या खोलीत बाबांची चष्म्याची डबी मिटल्याचा आवाज यायचा, मी उठून बघून यायचे. बाबांनी मरणसुद्धा जोडून घेतलं, असं मनात आलं आणि मी मोठ्यांदा हसले. मग रडतच सुटले.

त्या डिसेंबरात पुढच्या वर्षीच्या रजेचं ठरवायला बसले, तर कानाशी आवाज आला, "जोसेफ गुरुवारी आलाय. शुक्रवार टाक." अगदी स्पष्ट. मी मुकाट्याने टाकला. अजूनही तो आवाज येतो, खोटं कशाला बोलू? भीती वाटते. नाही आला तर जास्त वाटते.

उरलेल्या दिवसांशी मात्र अडले. यंदा राखून काही ठेवायचंच नाही, असं ठरवून आईला फोन लावला. म्हटलं, "आई, सगळीच्या सगळी रजा घेऊन येते तुझ्याकडे."



"थोडी ठेव, बाई," आई म्हणाली. "मी काही त्यांच्याइतकी हुशार नाही. मला आधी कळायचं नाही."