पाय पोळले नाहीत तो दिवस

माझ्या भक्तीत हट्टच जास्त होता, हे कबूल करूनच सांगते. मल्टिपल स्क्लेरोसिस होऊन पाच वर्षं झाली होती. मेंदू आणि हातापाय यांच्यातले निरोप वाटेत अडकतात, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. शाळेतली नोकरी सुटली. ब्लाउजची हुकं लावायला वीस मिनिटं लागायची. अंघोळीचं पाणी किती गरम आहे, ते आधी हे, म्हणजे माझे यजमान, हात घालून बघायचे आणि नेमका त्याचाच मला राग यायचा. देव आहे तर मग हे मलाच का, असंही वाटायचं.

गेल्या चैत्रात मी ठरवलं, त्र्यंबकेश्वरला स्टँडपासून देवळापर्यंत अनवाणी जायचं. जमलं तर देवाने बरं केलं असं समजून या आजाराची इंजेक्शनं बंद करायची. नाशिकहून निघताना यांनी परोपरीनं समजावलं, पण मी ऐकते कसली!

भर दुपार होती. काठी टेकत मी डांबरी रस्त्यावरून निघाले आणि पाय मुळीच पोळेनात. मला भरून आलं. वाटलं, त्र्यंबकराजा पावला! हेही माझ्यासोबत चपला काढून चालत होते, पण सारखे सावली शोधत होते. मी हसून म्हणाले, "श्रद्धा कमी पडतेय तुमची." ते माझ्या बरोबरीनं चालत राहिले.

देवळाजवळ बेलफुलं विकणारी एक म्हातारी ओरडली, "अगं बाये, थांब! तुझ्या पायाची साल निघाली पार. कळत नाय का तुला?" तिने हाताला धरून मला स्वतःच्या पाटावर बसवलं आणि फुलांवर शिंपडायचं पाणी पायांवर ओतलं. तळव्यांना मोठाले फोड आले होते. ज्याला मी कृपा समजत होते, ते माझ्या आजारानं आलेलं बधिरपण होतं. फोड यांच्याही पायांना होते आणि यांना तर प्रत्येक पाऊल कळलं होतं.

दर्शनाला जायचंय म्हटलं, तर म्हातारी म्हणाली, "दवाखान्यात जा आधी. देव कुठं पळून नाय चालला." मी तिथूनच कळसाला हात जोडले. त्या दिवशी देवच तिच्या तोंडून बोलला, असं मी मानते. इंजेक्शनं चालू आहेत.

यांची श्रद्धा कमी पडतेय म्हणाले, त्या एका वाक्याची माफी देवाजवळ कितीदा तरी मागून झाली. यांच्याजवळ मागायला गेले की हे विषय बदलतात. आता रोज सकाळी ते माझे तळवे तपासतात. नवऱ्यापुढे पाय करायचा संकोच अजून जात नाही, पण मी पाय पुढे करते आणि त्यांचं बघून होईपर्यंत देवाचं नाव घेत बसते.