आंदर मावळचा धोंडिबा

पहिल्या महायुद्धात तुर्कांशी लढायला पलटणीला बसऱ्याचं पोस्टिंग आलं, तेव्हा कंपनीत आंदर मावळातले आम्ही दोघंच होतो. मी आणि धोंडिबा. एकाच गावचे. कामशेतला एकाच गाडीत बसून भरतीला गेलो होतो.

बसऱ्याचा मुलूख, मेसोपोटेमिया, म्हणजे सपाट माती. सकाळी स्टँड-टू, म्हणजे रायफल रोखून मोर्चावर उभं राहणं, मग ट्रेंच खोदणं, पाणी भरणं, रायफल साफ करणं. नजर टेकायला टेकडीसुद्धा नाही. आमचे सुभेदारसाहेब नगरकडचे. एकदा त्यांनी विचारलं, "तुमचं मावळ आहे तरी कसं?"

धोंडिबाने संगिनीच्या टोकाने मातीत रेघा ओढल्या. पश्चिमेला सह्याद्रीची धार. तिकडून पूर्वेला वाहणाऱ्या आंद्रा, इंद्रायणी, पवना. मधे डोंगर. एकेका नदीचं एकेक मावळ.

"आन् ह्यो लोहगड. ज्याच्या हातात ह्यो, त्याच्या हातात बोरघाट. म्हून निजामशाही, आदिलशाही, म्हाराज, मोगल, पेशवं, विंग्रज, समदे हितंच भांडले."

"आणि तुम्ही?"

"आमी भात लावला, साहेब."

साहेब मोठ्याने हसले.

उन्हाळा लागता लागता हल्ल्याची ऑर्डर आली. सकाळी कंपनी पुढे निघाली. मैदानात आडोसा नव्हता. तुर्कांच्या मशीनगनने पहिली ओळ कापली. उरलेले आम्ही एका कोरड्या पाटात शिरलो. सुभेदारसाहेब मांडीत गोळी लागून बाहेर उघड्यावर पडले होते. मागून आलेला हुकूम वाचून सिग्नलर ओरडला, "होल्ड पोझिशन! कोणी हलायचं नाही!"

धोंडिबा माझ्या शेजारी होता.

"रामा, फायर चालू ठेव."

"ऑर्डर न्हाई, धोंड्या."

"व्हय. ऐकलं म्या."

तो सरपटत गेला. साहेबांना ओढत पाटाच्या कडेपर्यंत आणलं. आम्ही त्यांना आत घेतलं. मग धोंडिबाला घ्यायला मी हात पुढे केला, तेवढ्यात त्याच्या छातीत गोळी लागली. तो तिथेच गेला. जाळायला लाकूड मिळेना, म्हणून त्याला नदीकाठी पुरलं. सुभेदारसाहेब वाचले.

लढाई संपून घरी आलो, तर खोऱ्यात मोजणीच्या खुंट्या ठोकलेल्या. मुंबईला वीज द्यायला धरण होणार होतं. आमचं गाव पाण्याखाली जाणार होतं. धोंडिबाची आई, भागूमावशी, अंगणात तांदूळ पाखडत होती. तो गेल्याची खबर तिला आधीच मिळाली होती. कसा गेला, ते मी सांगितलं. तिने सूप थांबवलं नाही.

मोजणीचा साहेब आला, तेव्हा मात्र ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"माजा ल्योक सरकारसाटी मेला. त्याची जमीन सरकारनं घिऊ नये."

"कायदा आहे, बाई," तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने.

धरण झालं. गाव उठून वर माळावर आलं. तिथे मी पाथरवटाकडून धोंडिबाचं नाव कोरलेला एक दगड घडवून घेतला आणि नव्या देवळाजवळ उभा केला. मावशीला वाचता येत नव्हतं.

"त्याचं नाव कुटं हाय?"

मी तिचं बोट धरून अक्षरांवरून फिरवलं. ती बराच वेळ दगडाला हात लावून बसली. मग म्हणाली, "हितनं तरी त्याला कुनी उठवनार न्हाई ना, रं?"

"न्हाई, मावशी," मी म्हणालो.