तांब्यात उमटलेलं आपट्याचं पान

"तुह्या बापानं काढलं काय मंग हे?"

ओरडणारा मीच, युनिटचा सुपरवायझर. आवाज असा, की अमरावतीच्या एमआयडीसीतली कुत्री बडनेऱ्यापर्यंत पळाली असतील. समोर आमची ऑपरेटर अर्चना, आणि दोघांच्या मध्ये टेबलावर एक फिल्म.

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता... कसा असणार? आमच्या युनिटमधली निम्मी भुतं मीच थापा मारून जन्माला घातलेली! आमचं काम म्हणजे प्लॅस्टिकच्या लवचिक फिल्मवर तांब्याच्या रेषा काढायच्या, केसाहून बारीक. फिल्मवर रेषांच्या नमुन्याची काच ठेवायची, वरून प्रकाश टाकायचा, काचेवर जे असेल ते खाली उमटतं, मग नको असलेलं तांबं केमिकलमध्ये विरघळवायचं. धुळीचा कण चालत नाही. म्हणून दसऱ्याला बाकी सगळ्या मशिनींना आपट्याचं पान वाहिलं, या आतल्या खोलीतल्या मशिनीला नाही. अर्चना म्हणाली होती, "भाऊ, इलेबी सोनं द्या नं. वर्षभर राबते बिचारी." मी तिची टिंगल केली.

दुसऱ्या दिवशी, गिऱ्हाइकाला दाखवायच्या फिल्मवर, रेषांच्या मधोमध आपट्याचं पान! तांब्याचं. शिरा इतक्या नाजूक, की तेवढी बारीक रेषा आमची मशीन काढूच शकत नाही — ही मात्र थाप नव्हे.

"म्या नाई ठेवलं पान, भाऊ."

"बॅग पालथी कर!"

तिने केली, सगळ्यांदेखत. डबा, कंगवा, सासूच्या गोळ्या. पान नाही. तरी मालकांनी तिला कायमचं घरी पाठवलं. पुढच्या महिन्यात ती पर्मनंट होणार होती.

मग मी नवी फिल्म घेतली, काच पुसली, भिंगाखाली तपासली. खोलीत मी एकटाच. पुन्हा तेच पान!

मालकांना दाखवलं, तर म्हणाले, "तुह्या गोष्टी टपरीवर सांग," आणि दोन्ही फिल्म केमिकलमध्ये टाकल्या. तिसऱ्या फिल्मवर काहीच आलं नाही... नंतरही कधी नाही. ते पान आलं कुठून, मला अजून कळलेलं नाही.

संध्याकाळी अर्चनाच्या घरी गेलो. ती अंगणात गहू निवडत होती. तिच्याकडे बघवेना. कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणालो, "तुही चूक नव्हती. माह्या हातूनबी तेच पान आलं."

तिने मान वर केली नाही.

"म्या तवाच सांगतलं होतं, भाऊ. तुमी ओरडून राह्यले होते."