आवाज थांबता कामा नये

आमच्या बाईंना हसताना पाहिलेला माणूस मला अजून भेटायचाय. त्या वर्गात शिरल्या की माशीसुद्धा सरळ बसायची. बाबाही लहानपणी त्यांच्याच हाताखाली शिकलेले, त्यामुळे घरी तक्रार करायचीही सोय नव्हती.

बाई आमच्या समोरच्याच घरात एकट्या राहत. त्यांनी मला, अख्ख्या वर्गात फक्त मला, नियम घालून दिला होता: दिवेलागणीपासून जेवणापर्यंत खिडकीत बसून मोठ्यानं वाचायचं. "मनातल्या मनात वाचणं म्हणजे मनातल्या मनात जेवणं. मला माझ्या खुर्चीत ऐकू आलं पाहिजे. आवाज थांबता कामा नये." मी त्यांच्या नावानं बोटं मोडत घसा फोडायचे.

बाबा त्याच वेळेला कामावरून यायचे. जिन्यावर पाय घासल्याचा आवाज आला की आई स्टोव्ह बारीक करून भिंतीकडे सरकायची. आधी दारूचा वास यायचा, मग बाबा. खाटेवर बसून ते आईकडे नुसते बघत राहायचे. मी वाचत असेपर्यंत मात्र हात आवरायचे. हे माझ्या लक्षात यायला फार उशीर लागला. लक्षात आल्यावर मी पाणी प्यायलाही थांबेनाशी झाले.

एका संध्याकाळी बाबांनी आत येताच खिडकी लावून घेतली. "पुरे झालं तुझं पुराण," म्हणाले आणि पुस्तक हिसकावलं. आईनं मला डोळ्यांनीच खाटेखाली जायला सांगितलं. बाबांनी कमरेचा पट्टा सोडला.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

बाई आत आल्या. धापा टाकत होत्या आणि पायात चप्पल नव्हती.

"आवाज का थांबला?"

"पोरगी दमलीय, बाई." बाबा पट्टा पाठीमागे लपवून ताठ उभे राहिले.

"मग तिची आई वाचेल. उद्यापासून मला दोघींचे आवाज ऐकू आले पाहिजेत. एक जरी कमी झाला, तर मी पुन्हा येईन. आणि एकटी येणार नाही."

"तिला कुठं वाचता येतंय?"

"शिकेल. तूही शिकलासच की." आणि बाबांना झोप लागेपर्यंत त्या आमच्या स्टुलावरून हलल्या नाहीत. माझा त्यांच्यावर जीव जडला तो तेव्हा.

दुसऱ्या दिवशी आई माझ्याशेजारी खिडकीत बसली. मी एकेक शब्द वाचायचे, ती माझ्यामागून म्हणायची. जिन्यावर पाय घासले. आई अर्ध्या शब्दावर थांबली. समोर बाई खुर्चीतून उठल्या. आईनं तोच शब्द पुन्हा म्हटला, माझ्याहून मोठ्यानं.