घर धुतलं म्हणून

निखिल, मृणाल आणि मी एकाच विमानाने निघालो होतो. नागपूरच्या एअरपोर्टवर अर्धी कॉलनी जमलेली. नव्या सुनेच्या, मृणालच्या, बॅगेत आईने इतका चिवडा कोंबला होता की काउंटरवर बॅग उघडावी लागली, आणि निखिल, माझा धाकटा भाऊ, लाजून दुसऱ्याच रांगेत जाऊन उभा राहिला. "तुझ्या भरवशावर पाठवतेय गं," आई मला म्हणाली. अमेरिकेत पिस्कॅटवेला माझं घर होतं, त्याला नोकरी होती. काळजी कसली, असं मला वाटलं.

काका-काकू, तुम्ही सगळे फोनवर विचारता, नेमकं झालं काय? एकदाच लिहिते. मृणाल बेसमेंटच्या जिन्यावरून पडली आणि गेली. पोलिसांनी आधी अपघात म्हणून नोंद केली, तिला घेऊन गेले. निखिलने आईला फोन लावला. आई रडत रडत म्हणाली, "माणूस घराबाहेर नेलं की घर धुवून काढायचं, मग डोक्यावरून अंघोळ करायची." त्याने जिना धुतला, बेसमेंट धुतलं, अंगावरचे कपडे मशीनला लावले आणि अंघोळ केली. आपल्याकडे कुणीही हेच केलं असतं.

कोर्टात या धुण्याला पुरावा नष्ट करणं म्हणाले. शेजाऱ्यांनी दोघांचं भांडण ऐकलं होतं, तेही खोटं नाही, भांडायचे दोघं. जिन्यावर मी नव्हते, तेव्हा शपथेवर कसं सांगू? पण त्याला खुनाचा दोषी ठरवलं ते त्या धुतलेल्या फरशीवरून. ज्युरी निवडताना एक तेलुगू बाई आल्या होत्या. घर का धुतात, हे त्यांना समजावावं लागलं नसतं. सरकारी वकिलाने काहीतरी सभ्य कारण देऊन त्यांना वगळलं. उरलेल्या बाराजणांत आपल्यासारखं कुणी नव्हतं. मी साक्षीत आपली रीत सांगितली, तर ते माझ्याकडे नुसते बघत राहिले.

निकालानंतर ज्युरीतल्याच एका बाईने आमच्या वकिलाला सांगितलं, की आतल्या खोलीत चर्चा चालू असताना एकजण म्हणाला होता, "या लोकांमध्ये बायकोला काही किंमतच नसते." आम्हाला वाटलं, आता तरी सुटेल. अपील कोर्टाने लिहिलं, शेरा खेदजनक आहे, निकाल कायम. खेदजनक म्हणे! जन्मठेप झालीय माझ्या भावाला.

वकील अजून "वी कॅन स्टिल ट्राय" म्हणतो, पण माझ्याकडे न बघता. माझी लेक स्पष्ट बोलते, "मॉम, स्टॉप होपिंग, प्लीज." तिचं चुकत नाही.

परवा भेटीच्या खोलीत निखिल म्हणाला, "ताई, तू नागपूरला परत जा यार. आईजवळ कुणीतरी पाहिजे."

"आणि तू?"

"मी कुठे जातोय?" असं म्हणून तो हसला. मला रडू आवरेना.

हे आईला वाचून दाखवू नका. तिच्या सांगण्याचं कोर्टात काय झालं, ते तिला कळलं तर ती जगायची नाही. मी येणार नाहीये, तेवढंच सांगा. कारण काहीही सांगा, इथे रमले म्हणा. मी गेले तर शनिवारच्या भेटीत त्याच्याशी मराठीत बोलायला कुणी उरत नाही. माझं घर आता एवढंच, जिथून त्या तुरुंगापर्यंत गाडीने जाता येतं.