दाराबाहेरून काढलेला फोटो

रत्नपाल गोरेगाव या तालुक्याच्या गावी लग्नांचे फोटो काढतो. दाराची, खिडकीची, नाहीतर मोहाच्या फांद्यांची चौकट धरायची आणि आत माणूस बसवायचा, ही त्याची खासियत. कुठं शिकला, असं लोक विचारतात. तो हसून विषय बदलतो.

शिकला तो आमगावकडच्या एका खेड्यात, चुन्नीलालच्या घरी. त्याचं पहिलंच काम. चुन्नीलालच्या मुलीला, रुचीला, हळद लागत होती. म्हाताऱ्या जमुनाबाईनं, चुन्नीलालच्या आईनं, त्याला उंबरठ्यावर अडवलं.

"बौद्धाइच्या टोलीतला ना तू? अंदर नोको येऊ. तिथूनच काढ."

त्यानं ओसरीतूनच काढला. दोन्हीकडे दाराचं काळं लाकूड, वर आंब्याच्या पानांचं तोरण, मधोमध खिडकीच्या उजेडात पिवळीधमक रुची. तो फोटो मोबाइलवरून गावोगाव फिरला आणि लोक तसाच फोटो मागू लागले.

काही वर्षांनी चुन्नीलालनं मुलाच्या, इंद्रकुमारच्या लग्नाला त्यालाच बोलावलं. आता आपलं नाव झालंय, आता तरी आत घेतील, असं रत्नपालला वाटलं. लाइट धरायला बायको, रचना, सोबत होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. ती सरळ आत गेली.

"काऊन आली वं अंदर? निघ!" जमुनाबाई ओरडली.

हळद लावणारे हात थांबले. रचना लाइट घेऊन दारापर्यंत परतली, तोवर रचना उभी होती त्या जागेवर म्हातारीनं लोटाभर पाणी ओतायला घेतलं होतं.

"मनावर नोको घेऊ भाऊ," चुन्नीलाल म्हणाला. "तू तुझा चौकटीचा फोटो घे."

रत्नपालनं घेतला. वाकलेली म्हातारी, उजेडात चमकणारं पाणी, कडेला मान खाली घातलेली रचना. अल्बमच्या पहिल्याच पानावर त्यानं तो लावला. बघतील आणि लाजतील, अशी त्याची समजूत.

चुन्नीलालचा फोन आला. "का फोटो हाये रे! माय तर खूश होऊन गेली. बैठकीत लावाचा हाये, मोठा करून दे. फक्त कोपऱ्यातली ते बाई काटून टाक."

रत्नपालनं कॉम्प्युटरवर तो फोटो उघडला. रचना मागं येऊन उभी राहिली.

"काट," ती म्हणाली. "मले नाई राहाचं त्याइच्या घरात."

त्यानं काटलं. फोटो आता बैठकीत आहे. जमुनाबाई तो आल्यागेल्याला कौतुकानं दाखवते.